डोंगराची आत्या

सर्व सुज्ञ वाचकांना, भूगोलाच्या प्राध्यापकांना आणि सोलापूर जिल्हा तव्यासारखा सपाट आहे असा गैरसमज उराशी बाळगणाऱ्या समस्त पुणेकरांना या प्रकरणाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, आमच्या जिल्ह्यात एक शिखर आहे. पायथ्याच्या बाभळीपासून मोजलं तर त्याची उंची शेळीला धाप न लागता चढता येईल इतकी भरते. त्यावर बर्फ पडत नाही. पण त्यात त्याचा दोष नाही, त्यावर पाऊससुद्धा क्वचितच पडतो. ते सर करताना आजवर एकही मनुष्य दगावलेला नाही. तरीही जगातल्या मोठमोठ्या शिखरांच्या नशिबी जे आलं नाही, ते त्याच्या नशिबी आलं. त्याचं नामकरण घुगऱ्या वाटून, गाणी म्हणून, आत्याच्या तोंडून, साग्रसंगीत झालं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि नकाशावर त्याचं नाव लिहायचा टाक माझ्या हातात होता. म्हणजे मी या घटनेची नुसती साक्षीदार नाही, बऱ्यापैकी गुन्हेगारही आहे.

आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. सकाळ गिरणीच्या भोंग्याने व्हायची आणि दिवसभर पलीकडच्या विणकरांच्या घरातले माग खटखट खटखट करत राहायचे. त्या खटखटीची कानाला इतकी सवय होती की माग थांबले की आई दचकून विचारायची, "काय झालं, कोण गेलं का?" अप्पा, म्हणजे माझे वडील, एका शाळेत भूगोल शिकवत. ते स्वतः पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते, पण हिमालय असा शिकवत की सोलापूरच्या उन्हाळ्यात पहिल्या बाकावरची मुलं हात चोळायला लागत. घरीही तेच चालायचं. ताटात भाकरी पडली की तिच्या फुगलेल्या भागाला पठार म्हणायचे, शेंगाचटणीच्या ढिगावर तेल घालताना नद्यांचे उगम दाखवायचे आणि आई म्हणायची, "समुद्राला मिळायच्या आत जेवून घ्या."

असा हा माणूस चार वर्षं शाळेत हंगामी होता. दर उन्हाळ्यात शाळेच्या मंडळाकडून एक पत्र यायचं, की पुढील वर्षी आपली आवश्यकता भासल्यास कळवू, आणि जूनच्या तोंडावर दुसरं यायचं, की भासली आहे. या दोन पत्रांच्या मधल्या काळात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. कैरीचं लोणचं घालायचं की नाही, हेसुद्धा त्या दुसऱ्या पत्रावर अवलंबून असायचं, कारण गाव सोडायची वेळ आली तर भरलेली बरणी कोण वाहून नेणार? पत्र येईपर्यंत कैऱ्या पिकायच्या. चार वर्षं आम्ही लोणच्याशिवाय काढली. लोक दारिद्र्याच्या कथा सांगतात तेव्हा मी गप्प बसते. पण बिनलोणच्याची चार वर्षं काय असतात ते मला कोणी शिकवू नये.

पाचव्या वर्षी अप्पांनी चाल खेळली. मांजरपाटावर कागद चिकटवून त्यांनी जिल्ह्याचा भिंतभर नकाशा काढायला घेतला. नद्या, रस्ते, आगगाडीचे रूळ त्यांनी काढले आणि नावं मी लिहिली, कारण अप्पांचा हात कापायचा आणि माझं अक्षर बरं होतं. नकाशा शाळेच्या सभागृहात लागेल, मंडळाचे अध्यक्ष खूश होतील आणि आपण कायम होऊ, असा हा डाव होता.

अध्यक्षांना सगळं सोलापूर रावसाहेब म्हणे. त्यांचं नाव गणपतराव. आडनाव गाळते, कारण नातवंडं गावातच आहेत आणि त्यांतली दोन वकील आहेत. रावसाहेब हा किताब त्यांना सरकारने दिला होता आणि बाकीचे मानसन्मान त्यांनी स्वतःचे स्वतः घेतले होते. गावात जिथे जिथे खिळा ठोकता येई तिथे तिथे त्यांच्या नावाची पाटी होती. पाणपोईवर होती, बागेतल्या बाकावर होती, शाळेच्या घंटेवरसुद्धा होती. त्यामुळे दर तासाला शिपाई रावसाहेबांना टोला द्यायचा आणि मुलांना फार बरं वाटायचं. रावसाहेब बोलायचे असे की छापून आणल्यासारखं. 'आहे' म्हणताना त्यातल्या 'हे'वर थांबून पाहायचे, नीट उमटला की नाही म्हणून. आमचं घराणं मूळचं सरदारांचं, एवढंच ते सांगत. कोणाचे सरदार, कुठले सरदार, हे विचारण्याइतका मोठा माणूस गावात नव्हता.

एके दिवशी रावसाहेब नकाशा पाहायला आमच्या घरी आले. आईने चादर झटकून घातली. ते नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, नकाशा सुंदर आहे. परंतु यात उंची नाही."

"जिल्ह्यातच नाही, साहेब," अप्पा म्हणाले.

रावसाहेबांनी अंगठीचं बोट मोडनिंब आणि करकंबच्या मधल्या कोऱ्या जागेवर ठेवलं. शोधलं नाही, चाचपडले नाहीत; बोट थेट तिथे गेलं. "येथे एक शिखर आहे."

"तिथं एक टेकाड आहे खरं—"

"शिखर."

"शिखर," अप्पा म्हणाले. त्या एका शब्दात चार वर्षांचं हंगामीपण होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"त्यास नाव काय?"

"चौकशी करावी लागेल."

"अवश्य करा. नसल्यास मजपाशी एक आहे."

मग अप्पा आणि मी चौकशीला निघालो. कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीने मोडनिंबला उतरलो. ती छोटी गाडी इतकी सावकाश जायची की वाटेत एक बाई उतरली, तिने रुळाकडेची काटकी उचलली आणि पुन्हा चढली. मोडनिंबच्या बाजारात अप्पांनी एका शेंगावाल्याला माळावरचा डोंगर दाखवून नाव विचारलं.

"त्यो व्हय? त्यो करकंबचा डोंगर. आमचा न्हाय," तो घाईघाईने म्हणाला, जणू डोंगराने कुठे चोरी केली होती.

बैलगाडीने हाडं खिळखिळी करत करकंबला गेलो. तिथले पाटील म्हणाले, "त्यो मोडनिंबचा. आमच्या हद्दीत आसलं काय उगवत न्हाय."

परतताना अप्पा फार आनंदात होते. ज्याला दोन्ही गावं नाकारतात असा डोंगर त्यांच्या भूगोलात बसत नव्हता आणि शास्त्रात न बसणारी गोष्ट सापडली की त्यांना मूल झाल्यासारखं वाटायचं. गाडी थांबवून आम्ही डोंगरावर गेलो. वर बायजाबाई भेटली. मेंढरं राखणारी, सत्तरीची, तोंडात तंबाखूची गोळी आणि अंगावर घोंगडं. नवरा खाली मेंढरांपाशी होता आणि ही वर बसून त्याला शिव्या घालत होती.

"आजी, याला काय म्हणतात?" अप्पांनी विचारलं.

"थोरला."

"थोरला का?"

"ह्येच्यापरीस मोटा हितं दुसरा कोन हाय? तुमी हाय का?"

अप्पांनी नम्रपणे नकार दिला आणि वहीत 'थोरला' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. त्यांचा एक नियम होता: जिथले लोक जे म्हणतात तेच नकाशावर लिहायचं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ तडजोडी केल्या, पण नकाशाला खोटं बोलायला त्यांनी कधी लावलं नव्हतं.

रावसाहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "थोरला हे नाव नव्हे, मास्तर, ते वर्णन आहे. नाव असे नाहीच. हे उत्तम झाले."

"साहेब, पण तिथले लोक—"

"तिथे लोक आहेत?" रावसाहेबांनी आश्चर्याने विचारलं. मग उठता उठता म्हणाले, "यंदाची पत्रे अद्याप मी लिहिलेली नाहीत."

त्या दिवशी अप्पांनी भाकरीचं पठार तसंच ताटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "लिही. पण पेन्सिलीनं लिही." मी मोडनिंब आणि करकंबच्या मधे 'रावसाहेब गणपतराव शिखर' असं पेन्सिलीने लिहिलं. समारंभ झाला की वरून शाई फिरवायची होती. माझं अक्षर त्या दिवशी सर्वांत सुंदर आलं, हे मला आजही टोचतं.

आमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या. वर ठळक अक्षरात 'शिखर-नामकरण समारंभ'. आईने ती पत्रिका हाताच्या अंतरावर धरून वाचली आणि म्हणाली, "नामकरण म्हणजे बारसंच की. मग आत्या कोण?"

बस्स, एवढंच. आई हे बोलून वाल निवडायला लागली. पण मी तेरा वर्षांची होते आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नसे. रावसाहेबांच्या वाड्यावर हळदीकुंकू होतं, तिथे मी डाळ-कैरी खाता खाता सहज विचारलं, "डोंगराची आत्या कोण आहे?" बायका आधी हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. बारशाला नाव बाप ठेवत नाही, गुरुजी ठेवत नाहीत, सरकारसुद्धा ठेवत नाही. आत्या ठेवते. ती मुलाच्या कानात नाव सांगते, मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि मगच ते नाव लागतं. आत्येशिवाय ठेवलेलं नाव टिकत नाही, उलट ज्याचं नाव दिलं त्यालाच बाधतं, असं एका वयस्क बाईंनी सांगितलं. रावसाहेबांच्या पत्नी पांढऱ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई अप्पांना निरोप घेऊन आला: समारंभ बारशाच्या विधीने होईल, घुगऱ्यांची व्यवस्था पाहावी.

आत्या मात्र मिळेना. डोंगराला रावसाहेबांचं नाव द्यायचं तर आत्या रावसाहेबांची बहीण हवी आणि रावसाहेब म्हणत, मला कोणीच नाही. शेवटी ठरलं की तिथेच गावातली कोणी सुवासिनी उभी करू.

समारंभाच्या दिवशी मोडनिंबहून सहा बैलगाड्या माळावर आल्या. खुर्च्या आल्या, सरकारी पाहुणे आले, बँडवाले आले, हरभऱ्याच्या घुगऱ्यांचं पातेलं आलं आणि लाल कापडात झाकलेली, दोन माणसांनी उचललेली पाटी आली. पाळणाही आणला होता, पण तो टांगायला डोंगरावर झाड नव्हतं, म्हणून तो उलटा करून सरकारी पाहुण्यांनी त्यावर टोपी ठेवली. डोंगर नाकारणारी दोन्ही गावं घुगऱ्यांसाठी हजर होती आणि आता डोंगर आपलाच असल्याचं दोन्हीकडचे पाटील सांगत होते.

"आत्या कोण उभी राहते?" रावसाहेबांच्या पत्नींनी विचारलं. बायका एकमेकींना ढकलायला लागल्या. तेवढ्यात बायजाबाई घोंगडं सावरत पुढे आली.

"आत्या मी."

"तुम्ही कशा?" रावसाहेब म्हणाले.

"माज्या भावाला ल्योक न्हवता. मरस्तवर ह्या थोरल्यालाच ल्योक म्हनायचा. ह्येच्याच अंगावर मेला. भावाचा ल्योक, म्हंजी मी त्येची कोन?"

बायकांच्या घोळक्यातून "आत्याच की" असा निकाल आला आणि त्यावर अपील नव्हतं.

पुढचा प्रश्न शास्त्रीय होता. नाव कानात सांगायचं, तर डोंगराचा कान कुठे? सगळे अप्पांकडे वळले. "मास्तर, भूगोलशास्त्र काय म्हणते?" रावसाहेबांनी विचारलं. अप्पा आयुष्यभर नद्यांची मुखं आणि पर्वतांचे पायथे शिकवत आले होते, डोंगरांच्या कुशी आणि माथे तर सर्रास; पण कानावर एकही धडा नव्हता. त्यांनी उगवतीकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला. मी आजवर पुष्कळ विद्वान पाहिले, पण प्रश्न मूर्खपणाचा असूनही उत्तर प्रामाणिकपणे शोधणारा तो एकच.

"हितं हाय की," बायजाबाई म्हणाली आणि एका खडकाच्या कपारीपाशी उकिडवी बसली. "वारा ह्येच्यातनंच बोलतो. नाव काय ठिवायचं?"

अप्पांनी हलक्या आवाजात सांगितलं, "रावसाहेब गणपतराव शिखर."

"येवडं? लेकराच्या कानात मावंल का? आन लेकराला राव कोन म्हनतं?" तिने तंबाखू थुंकली. "गणपत बास."

रावसाहेबांनी तोंड उघडलं, पण बँडवाल्यांना वाटलं खूण झाली. बँड वाजला. बायजाबाईने कपारीत तोंड घालून नाव सांगितलं, मागच्या बायकांनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत असे धपाटे घातले की घोंगड्यातून धूळ उडाली. दोन्ही गावांच्या बायका प्रथमच एका कामात एकवटल्या होत्या. आता पाटीवरचं कापड ओढायचं राहिलं होतं. दिवस कलला होता, खाली मेंढरं गोळा होत होती.

इथे मी क्षणभर थांबते आणि पुढचं आधी सांगून टाकते, कारण मधली गोष्ट शेवटी सांगण्यासारखी आहे. ते लाल कापड निघालंच नाही. रावसाहेबांनी पाटी तशीच गाडीत ठेवायला लावली. खुर्ची सोडून ते खाली खडकावर मांडी घालून बसले आणि घुगऱ्यांचा द्रोण त्यांनी दोनदा मागून घेतला. परतीच्या छोट्या गाडीत ते आमच्या डब्यात येऊन बसले. मग मला म्हणाले, "पोरी, ते पेन्सिलीचं पुसता येतं का?"

"येतं."

"पूस मग."

"आणि काय लिहू?"

"तुझ्या बापानं वहीत लिहिलंय ते," रावसाहेब म्हणाले. 'हे'वर थांबायला त्यात 'हे' नव्हताच.

अप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि उपरण्याने चष्मा पुसायला लागले. तो सोलापूर येईपर्यंत स्वच्छ झाला नाही. त्या वर्षी मंडळाचं एकच पत्र आलं. त्यात 'कायम' हा शब्द होता. कैऱ्या अजून हिरव्या होत्या. आईने दोन बरण्या भरल्या आणि शेजारच्या विणकरांकडे एक वाटी पाठवली. त्यांनी ती तिखट नाही म्हणून परत पाठवली नाही, एवढं सौजन्य दाखवलं. नकाशा शाळेत पुष्कळ वर्षं होता. 'थोरला' ही तीन अक्षरं मी शाईने लिहिली होती, आणि ती थोडी वाकडी आली होती. सरदार घराण्याची गोष्ट रावसाहेबांनी पुन्हा कोणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वाड्यावर मात्र त्यानंतर दर आठवड्याला ताकातली ज्वारीची कणेरी शिजायला लागली, अशी पेठेत चर्चा होती.

आता तो मधला क्षण. बायका धपाटे घालून थांबल्या. रावसाहेब किनखापी कोट, जरीचा फेटा, गळ्यात हार अशा थाटात खुर्चीवर ताठ बसले होते, शेजारी सरकारी पाहुणे. दोन माणसांनी लाल कापडाची दोरी हातात घेतली. बायजाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि म्हणाली, "थांबा की जरा. नाव लागलं का न्हाय, हाक मारून बगाया नगं?" कोणाचा होकार येण्याआधीच तिने माळाकडे तोंड केलं, तळवा तोंडाशी धरला आणि संध्याकाळी मेंढरांमागे राहिलेल्या पोराला बोलवतात तशी लांब, वर चढत जाणारी हाक मारली, "गणप्याऽऽ, आरं ये गणप्याऽऽ, दिस बुडाला की रंऽऽ." हाक समोरच्या माळावर आपटून परत आली. डोंगर गप्प होता. आणि रावसाहेब खुर्चीवरून ताडकन उठले, एका पायातला पंपशू मागेच राहिला, हार खांद्यावरून घसरला, आणि आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते मोठ्याने म्हणाले, "आलो गं आय, करडू लंगडतंय, त्येला उचलून आणतुय."